दाऊदचाचांचा वकील

सौदीत राहणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते एसीच्या फिल्टरमधल्या धुळीसारखे आपोआप जमतात, आणि शुक्रवारी चार माणसं भेटली की झटकायचे! आम्ही कोकणातली मंडळी जेद्द्यात दर शुक्रवारी इब्राहिमभाईंच्या रूमवर जेवायला जमायचो. बाकी विषय बदलत राहायचे, पण गफूरचं नाव निघालं की सगळ्यांचंच डोकं फिरायचं.

गफूर एका कंपनीत मंदूब होता, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत फेऱ्या मारून राहण्याचे परवाने (इकामे) वगैरे करून आणणारा माणूस. सौदायझेशन आलं, मंदूब सौदीच हवा असं ठरलं आणि याची खुर्ची गेली. त्याच सुमारास आमचे दाऊदचाचा हार्ट अटॅकने गेले. त्यांचं अबायांचं, बायकांच्या काळ्या झग्यांचं, दुकान होतं. नाव कफीलचं, म्हणजे ज्या सौदीच्या नावावर आम्ही परदेशी तिथे राहतो (नोकरी बदलली की तोही बदलायचा) त्याचं, पण भागी चाचांची. चाची तिकडे दापोलीजवळच्या गावात, भावाच्या घरात, भावजयीचं तोंड बघत दिवस काढत होती. दुकानाचे पैसे आले की वेगळी चूल मांडायची, एवढीच तिची आस. मुलगा सलीम रियाधला, अल सुलैच्या गोदामात कामाला. तिथून जेद्द्याला ऊठसूट कोण येणार?

गफूर म्हणाला, "मी आहे ना!" मायलेकांनी सह्या करून सगळे अधिकार त्याला दिले.

इब्राहिमभाई तेव्हाच म्हणाले होते, "नोकरी गेली की माणूस धंदा शोधतो. याने मय्यत शोधली!"

* * *

असे अधिकार मिळालेल्या माणसाला अरबीत 'वकील' म्हणतात. नुसता प्रतिनिधी. काळ्या कोटाशी काही संबंध नाही! गफूरने फोनवर सांगितलं, "चाची, मी तुमचा वकील." चाचीने गावभर केलं, "जेद्द्यात मोठा वकील लावलाय!"

या माणसाने खुलासा करावा की नाही? छे! पुढच्याच फोनपासून 'वकिलाची फी' सुरू. दुकान विकलं की त्यातून आधी फी कापायची म्हणे. किती? तर, "केस बघून."

सलीमने मला विचारलं, "भाई, हा कुठल्या कॉलेजचा वकील?"

मी म्हटलं, "दहावी नापास कॉलेजचा!"

* * *

चाचांची गाडी गफूरच फिरवायचा. सलीम एकदा जेद्द्याला आला तर समुद्रावर बापाची गाडी उभी, आणि तिच्यातून गफूरची अख्खी फॅमिली आइस्क्रीम खात उतरतेय! पोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

गफूर थंडपणे म्हणतो कसा, "उभी ठेवली तर बॅटरी उतरते रे. तुझ्या अब्बांची गाडी आहे, काळजी नको घ्यायला?"

आणि त्या काळजीचं पेट्रोल वारसांच्या खर्चात! मी तिथे असतो तर त्याला चालतच घरी पाठवला असता.

* * *

मग साहेब दुकानाला गिऱ्हाईक बघायला थेट बुरैदाला जाऊन आले. प्रवासखर्च अर्थात फीच्या वर! शुक्रवारी तिथल्या प्रसिद्ध खजुराचा डबा घेऊन रूमवर हजर.

"गिऱ्हाईक मिळालं?" मी विचारलं.

"सीझन नव्हता," गफूर म्हणाला.

"आणि खजुराचा होता वाटतं?" म्हणत इब्राहिमभाईंनी डबा बंद करून त्याच्या हातात परत दिला. त्या दिवशी कुणीही खजूर तोंडात घातला नाही.

* * *

अबायांच्या दुकानात विक्रीला सौदी बायकाच हव्यात असा नियम आला, तेव्हा कफीलने दुकान विकलं. गफूरने चाचीला कळवलं, "कफील बदमाश आहे, पैसेच देत नाही." चाची प्रत्येक नमाजनंतर कफीलला बद्दुआ द्यायला लागली.

शेवटी सलीम स्वतःच त्या म्हाताऱ्या कफीलकडे गेला. तो चकितच झाला. "तुमच्या वकिलाला केव्हाच सगळे दिले की! वर कहवासुद्धा पाजला."

सलीमने घरी फोन केला. चाची आधी रडली. इतके दिवस एका भल्या माणसाला शिव्याशाप दिले म्हणून तोबा तोबा केलं. मग म्हणाली, "त्या सगळ्या बद्दुआंचा कफील बदला आता! गफूरच्या नावावर करा!"

* * *

प्रकरण कोर्टात गेलं. दुकानाचे पैसे आपल्याकडे आहेत हे गफूरने कबूल केलं, पण आधी फी, मग पैसे, यावर अडून बसला. इब्राहिमभाई आणि मी साक्षीला होतो. गफूर कडक इस्त्रीचा थोब, सौदींचा तो लांब पांढरा झगा, घालून, हातात जपमाळ फिरवत आला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला!

काझींनी शांतपणे विचारलं, "परक्या मुलखातल्या एका विधवेचं काम तू कशासाठी अंगावर घेतलंस?"

एवढ्या लोकांत पैशासाठी म्हणायला त्याची जीभ रेटेना. छातीवर हात ठेवून म्हणाला, "शेख, फी सबीलिल्लाह!" म्हणजे अल्लाच्या वाटेवर, कसलाही मोबदला न घेता.

काझींचा चेहरा उजळला. "बारकल्लाह! अशी माणसं आता राहिलीत कुठे?" त्यांनी लगेच कारकुनाला ते लिहून घ्यायला सांगितलं. वारसांचे सगळे पैसे आणि गाडी आजच्या आज परत.

"पण शेख, माझी..."

"खलास!"

बाहेर आल्याबरोबर सलीमने घरी फोन लावला. स्पीकरवर चाचीचा घाबरलेला आवाज आला, "काय झालं रे? वकिलाची फी किती ठरली?"

सलीमने गफूरकडे बघितलं आणि म्हणाला, "फी सबीलिल्लाह, अम्मी!"