वर उचललेलं मनगट

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. मला पियानो माझ्या मामाने शिकवला.

चौदा वर्षांचा होतो. मुंबईत पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे पहिलाच दिवस. पियानोसमोर बसलो, चार सूर वाजवले, आणि बाईंनी लाकडी पट्टीने माझं आधीच वर असलेलं मनगट आणखी उचलून वर्गाला दाखवलं.

"बघा हा हात. काय रे, वरातीत शिकलास का?"

वर्ग हसला. बाईंना वाटलं, आपण विनोद केला. खरं तेच होतं.

मामा उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. कीबोर्ड हातगाडीवर बांधलेला. गाडी पुढे सरकणार, मामा बाजूने चालत वाजवणार. दुपारच्या रिकाम्या गल्लीत मलाही तसंच चालवत शिकवायचा. "हात वर ठेव, भाचेराव. खड्ड्याचा दणका गाडीला बसू दे, सुराला नको."

"कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"कुणीच नाही. माझा मीच शिकलो."

हसणं थांबलं. बाईंचा आवाज बदलला. "स्वतःच? अरे वा!" त्या दिवसापासून त्यांच्या घरचा मोठा पियानो मला रोज दोन तास मिळू लागला.

अपमान गिळला असता तर चाललं असतं. मी माणूसच गिळला.

पुढे परदेशी वाजवलं. नाव झालं. प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत तीच ओळ. चौदाव्या वर्षापर्यंत गुरूविना शिक्षण.

पहिल्या मोठ्या मैफलीला मामा आला. इस्त्रीचा शर्ट. हातात पत्रिका. वाचलेली. आत भेटायला आला तेव्हा बाई शेजारीच होत्या. मी म्हणालो, हा माझा मामा.

"तुम्हीही वाजवता का काही?" बाईंनी विचारलं.

मी फुलं आवरायला लागलो.

मामाच म्हणाला, "छे हो बाई. आम्ही नुसते ऐकणारे."

जाताना दारात मला हळूच म्हणाला, "डावा हात तेवढा माझ्या नावावर राहू दे रे."

हसत म्हणाला. त्याला तीस वर्षं झाली.

आता मी अंबरनाथला शिकवतो. गेल्या महिन्यात बेलवलीची एक मुलगी आली, अकरा-बारा वर्षांची. तिची बोटं बघितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भजनात पेटी बडवतेस का गं?"

वर्ग हसला. तोच हशा.

"हो सर," ती म्हणाली. "आजीने शिकवलंय. तुम्हाला येते का पेटी?"

मान खाली नाही. आवाज खाली नाही. मला जन्मात जमलं नाही ते तिने एका दमात केलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.

घरी येऊन आयोजकांना फोन लावला. पुढच्या मैफलीच्या पत्रिकेतली ती ओळ काढा. लिहा, पहिले गुरू मामा, लग्नाच्या बँडमधले वादक.

"सर, वरात वगैरे... बरं दिसेल का?"

"तसंच छापा. नाहीतर मी वाजवत नाही."

मामा विठ्ठलवाडीला असतो. आयुष्यभर गाडीवरच्या कर्ण्याशेजारी चालून त्याचे दोन्ही कान गेलेत. तोंडाने माफी मागितली तरी त्याला ऐकू जाणार नाही. वाचता मात्र येतं.

पत्रिका छापून आलीय. चार दिवस टेबलावर पडून आहे. ती त्याच्या हातात द्यायची. तो वाचून मान वर करेपर्यंत समोर बसायचं, नजर चुकवायची नाही. एवढं मी त्याचं देणं लागतो.