नानासाहेबांच्या बाथरूमचं दार

दगडाबाईला मी पहिल्यांदा तिचं नाव विचारलं तेव्हा ती हसली. "माझ्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली. मंग आईनं माझं नाव दगडा ठिवलं. दगडाला कोन नेतंय?" एवढं बोलून ती जिन्याचा कठडा पुसायला लागली. ही २०१४ सालची गोष्ट. मी तेव्हा नुकतीच कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरात बसून लोकांच्या कामात चुका काढत होते. तिच्या कामात मात्र मला चूक सापडेना, आणि त्याचा मला रागच यायचा.

आमची इमारत औरंगपुऱ्यात, गुलमंडीकडे जाणाऱ्या एका गल्लीत आहे. तीन मजले, सहा घरं. पहिल्या मजल्यावर एका बाजूला मी, समोर नानासाहेब. दगडाबाई आठवड्यातून तीनदा जिना झाडायला यायची आणि दिवाळीच्या आधी घराघरांतून साफसफाईला.

ती अजिंठ्याजवळच्या खेड्यातली. २००३ च्या दुष्काळात गावातली विहीर आटली, रानात काम उरलं नाही, तेव्हा ती नवरा कारभारी याच्यासोबत शहरात आली. कारभारीला बांधकामावर राखणदारी मिळाली. बिल्डिंग उभी राहीपर्यंत तिच्या पायाशी पत्र्याच्या खोलीत राहायचं, लोक राहायला आले की पत्रे उचलून पुढच्या खड्ड्यापाशी जायचं. शहर बायपासकडं पसरत गेलं तशी ही दोघंही सरकत गेली, आणि शेवटी मुकुंदवाडीच्या पुढं एका खोलीत टेकली. बिल्डरच्या माणसांनी दगडाबाईला नव्या फ्लॅटांच्या सफाईला लावलं होतं. फरशीवरचे सिमेंटचे थेंब ब्लेडनं खरवडायचे, काचांवरचा रंग काढायचा, संडासात ॲसिड मारायचं. शे-दीडशे घरं तिनं अशी चकचकीत केली असतील. त्यातल्या एकाही घरात तिला पुन्हा कुणी आत बोलावलं नाही.

तिची एक पद्धत होती. आधी सगळं कोरडं. छत, पंखे, माळे, कपाटांची डोकी, खिडक्यांच्या खाचा, सगळं वरून खाली झाडून घ्यायची, आणि तोवर पाण्याला हात लावायची नाही. मग एक बादली. त्याच पाण्यानं आधी काचा, मग ओटा, मग फरशी, आणि शेवटी जे काळं उरेल ते संडासात. "एका बादलीत आक्खं घर व्हतं, ताई. पानी कमी अन् हात जास्ती," ती म्हणायची. आम्ही बायका नळ सोडून फरशी धुणाऱ्या. तिच्यासमोर नळ सोडायला आम्हाला लाज वाटायला लागली, आणि नाही म्हटलं तरी त्यात आमचाच फायदा झाला.

कारण २०१६ चा उन्हाळा. आमच्या गल्लीला पाणी सहाव्या दिवशी यायचं. चौथ्या दिवशीच गच्चीवरची टाकी कोरडी पडायची, मग सगळे घरातले नळ सोडून ठेवायचे, म्हणजे पाणी आलं की आवाजानं कळतं. घराघरांत, हॉलमध्येच, ड्रम. नळाला नळी लावायची, तिचं तोंड ड्रममध्ये सोडायचं आणि वाट बघायची. आणि गंमत अशी, की ताजं पाणी आलं की कालपर्यंत जिवापाड जपलेलं पाणी शिळं व्हायचं. पाच दिवस घोटाघोटानं वापरलेलं, आणि सहाव्या दिवशी ते कुणाला नको. दगडाबाई हे शिळं पाणी मागून न्यायची. तिच्या वस्तीवर टँकर यायचा, आला तर. त्या मे महिन्यात तिची लेक मोनिका बाळंतपणाला आली होती, घरात अकरा दिवसांचं पोर होतं आणि त्याला न्हाऊ घालायला पाणी नव्हतं.

नानासाहेब तिला अर्धा कॅन द्यायचे. अर्धाच. एसटी डेपोत गाड्या सोडण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे सगळं मोजूनमापून. बायको वारलेली, मुलगा विश्वजित पुण्याला. "आज अर्धा, सहा दिवसांनी अर्धा, म्हणजे एक झाला ना?" असा त्यांचा हिशोब. दगडाबाई माझ्याकडं बघून डोळे मिचकावायची. तरी ते दर वेळी द्यायचे, हेही सांगायला हवं. मी कित्येकदा माझं शिळं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलेलं आहे.

त्या दिवशी पाणी सकाळी साडेसहाला आलं. वॉचमननं मोटर लावली, इमारत घुमायला लागली. सातच्या सुमारास मी दार उघडलं तर समोर दगडाबाई उकिडवी बसलेली. नानासाहेबांच्या दाराखालून पाणी येत होतं. स्वच्छ, पातळ, चमकणारं. त्यांचा ड्रम भरून वाहत होता, हे सरळ दिसत होतं. तिनं पहिल्या पायरीच्या कडेला प्लास्टिकची सुपली तिरकी लावली होती आणि पाणी कॅनमध्ये उतरवत होती. दोन कॅन भरून बाजूला ठेवलेले.

"म्हातारा झोपला जनू," ती हळू आवाजात म्हणाली. "दार वाजवलं तर नळ बंद करंल. आन् मंग अर्धाच कॅन."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. मी म्हणाले, "भरा, भरा. आवाज करू नका." आणि आत जाऊन माझ्या दोन बादल्या आणून तिच्याजवळ ठेवल्या. फरशीला होतील म्हणून.

आम्ही दोघी जिन्यात बसून पाणी भरत होतो. अशी फुकटची चैन त्या उन्हाळ्यात कुणाला मिळाली नव्हती. ती मोनिकाच्या पोराबद्दल सांगत होती, किती केस आहेत, रडतो कसा. मध्येच ती थांबली. "ताई, हे काय वाजतंय?"

मी कान दिला. मोटरच्या घुमण्यामागून टक, टक असा आवाज येत होता. थांबून थांबून. कुठून येतोय ते कळत नव्हतं.

"एकादशी आहे ना आज," मी म्हणाले. "वर कुणीतरी दाण्याचं कूट करतंय."

तिला पटलं. का पटू नये? मी शिकलेली, मी इथली. तिनं तिसरा कॅन लावला. आवाज आणखी थोडा वेळ आला, मग थांबला. कूट झालं असणार, असं मला वाटल्याचं स्पष्ट आठवतं. साडेआठला ती चार कॅन घेऊन रिक्षानं गेली. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

दहाला टाकी रिकामी झाली. तिसऱ्या मजल्यावरची मंडळी तणतणत खाली आली, सहा दिवसांचं पाणी कुणी सांडलं म्हणून. नानासाहेबांचं दार बडवलं, शिव्याही दिल्या. उत्तर येईना तेव्हा सेक्रेटरींनी सुताराकडून कुलूप तोडून घेतलं. हॉलभर पाणी. नानासाहेब बाथरूममध्ये, प्लास्टिकच्या दाराला आतून टेकून पडलेले, त्यामुळे ते दार ढकलतानाही त्रास झाला. गेलेले होते. हाताशी पितळी तांब्या पडला होता. बाथरूममध्ये तांब्या असतोच, कुणी त्याचा विचार केला नाही.

गल्लीतले डॉक्टर आले, म्हणाले, हृदयविकार. पहाटेच, एका झटक्यात. त्रास नाही झाला. ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. आता शिव्यांची लाज वाटत होती, आणि झटक्यात गेले म्हटल्यावर ती लाजही थोडी कमी झाली. माझ्या घरात दोन बादल्या भरलेल्या होत्या. मी त्या झाकून ठेवल्या.

दगडाबाई दोन दिवसांनी आली ती थेट माझ्या दारात. "डाक्टर काय म्हनले, ताई? कवा गेले?"

"पहाटे."

"पहाटंच ना? मी यायच्या अगुदर?"

"हो. तुम्ही यायच्या आधी."

तिनं मान हलवली आणि जिना झाडायला गेली. पण त्या आठवड्यात तिनं हे मला तीनदा विचारलं. नवऱ्यानं सांगितलं, लेकीनं सांगितलं, मी सांगितलं, तरी तिचं समाधान होईना. तिला एवढंच हवं होतं, की ती पायरीवर बसली तेव्हा दाराआड कुणी जिवंत नव्हतं. मलाही तेच हवं होतं. फरक इतकाच, की ती विचारत होती आणि मी विचारत नव्हते.

तेरावं झाल्यावर विश्वजितनं फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरवलं. "दगडाबाई, अशी सफाई करा की काहीच राहायला नको," तो म्हणाला. चांगला मुलगा, डोळे सुजलेले. बाथरूमकडं तो गेलाच नाही.

ती आली. मला म्हणाली, "ताई, तुमी दारात बसा. मला एकलीला भ्या वाटतं." मी खुर्ची घेऊन नानासाहेबांच्या उंबऱ्यात बसले. तिनं नेहमीसारखं सुरू केलं. छत, पंखे, माळा. माळ्यावरून एसटीच्या जुन्या वेळापत्रकांचा गठ्ठा निघाला. पलंग ओढून काढला, भिंतीवर डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता, तो सोड्यानं घासून काढला. हॉलची फरशी सांडलेल्या पाण्यानं पांढरी पडली होती, ती गुडघ्यावर बसून ब्लेडनं. ड्रम आडवा करून आतून धुतला. संध्याकाळचे चार वाजले तेव्हा बाथरूम तेवढी राहिली होती.

आत गेली. घासण्याचा आवाज आला. मग तो बंद झाला.

"दगडाबाई?"

"या हितं," ती म्हणाली.

दार आतून लावून ती खाली बसली होती. मला आत घ्यायला तिनं ते उघडलं आणि पुन्हा लावलं. दाराच्या खालच्या अंगाला, जमिनीपासून वीतभरावर, पोचे होते. अर्धगोल, तांब्याच्या काठाएवढे. एक-दोन नव्हेत, वीस-पंचवीस असतील. काही ठिकाणी प्लास्टिक फुटून आतली पोकळी दिसत होती. खालचे पोचे उथळ होत गेले होते.

"मी दिवाळीला हे दार धुतलं व्हतं," ती म्हणाली. "तवा नव्हते."

तिनं कोपऱ्यातला तांब्या उचलला. "ताई, तुमी जिन्यात जा. त्या दिशी बसलो व्हतो तितं. पुढलं दार लावून घ्या."

मला जायचं नव्हतं. तरी गेले. बाहेरचं दार ओढून घेतलं आणि पहिल्या पायरीवर उभी राहिले. जिन्याच्या भिंतीला लागूनच त्यांची बाथरूम आहे, हे मला वीस वर्षांपासून माहीत होतं.

टक.

टक.

टक.

तोच आवाज. दाण्याचं कूट. मी कठडा धरला. मी इतकी घाबरले होते, की वाटलं तसंच खाली उतरून गल्लीत निघून जावं.

दार उघडलं. दगडाबाई उभी होती, हातात तांब्या, कोपरापर्यंत साबण. "आवाज आला का?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझा हात अजून कठड्यावरच होता. मग ती आत गेली आणि उरलेलं काम पूर्ण केलं. बादलीतलं काळं पाणी संडासात ओतलं, फडकी पिळली, तांब्या घासून पालथा घातला. जाताना दोन्ही हातांनी दार पुसलं, त्या पोच्यांवरूनही, आणि निघाली.

तिला त्रास नको म्हणून मी खोटं बोलले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. कूट करतंय म्हणणारी मी होते. ती तर विचारत होती.

विश्वजितनं दार पाहून विचारलं, "हे असं कशानं झालं?" मी म्हटलं, जुनं दार आहे. त्यानं त्यावर फुलांचा स्टिकर लावून घेतला. भाडेकरू आले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी, पहाटे सहालाच, माझं दार वाजलं. मी पडून राहिले. वाजवणं थांबेना. जिन्यातल्या बोलण्यावरून कळलं, की दगडाबाई प्रत्येक घराचं दार ठोठावतेय, आतून माणसाचा आवाज आल्याशिवाय पुढं जात नाही. तिसऱ्या मजल्यावरची मंडळी वैतागली, सेक्रेटरींनी तिला समजावून सांगितलं. "तुमी बोला, मंग मी जाते," एवढंच तिचं उत्तर. शिळं पाणी मागणं मात्र तिनं बंद केलं, दिलं तरी नेत नाही.

याला आता कितीतरी वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, बायपासच्या पलीकडं नवी गावं उठली, मोनिकाचं पोर शाळेत जातं. पाणी अजून पाच-सहा दिवसांनीच येतं, आणि दगडाबाई येते. गुडघे गेलेत तिचे, तरी वरपासून सुरुवात करते आणि माझ्या दाराशी शेवटी येते. बाकी सगळ्यांना ती "उठला का?" विचारते. मला नाही.

बोटाच्या पेरानं तीनदा वाजवते, थांबून थांबून. मग विचारते, "ताई, आवाज आला का?"

"आला," मी म्हणते.

तेवढं ऐकून ती खाली उतरते.