ब्रेकवरून पाय काढण्याची लेखी हमी

विमा कचेरीच्या दावे विभागात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘अपघात’ हा शब्द सहसा पटत नाही. कोणीतरी काहीतरी लपवलेले असते, एवढेच तो जाणतो. त्यामुळे खडवलीपलीकडच्या टेकडीवर ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही माझी जीप मुरमावरून घसरत खाली गेली, तेव्हा दोषी कोण याविषयी मला क्षणभरही शंका वाटली नाही. दोषी होता माजिवड्याचा तो गॅरेजवाला, ज्याने ही जुनी फोर-व्हील जीप ‘एकदम ओके’ म्हणून माझ्या गळ्यात बांधली होती.

जीप घेतली होती ती पत्नीसाठी. तिची थोरली बहीण त्या टेकडीच्या पलीकडे, आठ घरांच्या वाडीत राहते. वाडीपर्यंत रिक्षा जात नाही. बहिणीला आता खाटेवरून फारसे उठवत नाही आणि पत्नीचे गुडघे चढ-उतार सोसत नाहीत. दोन वर्षे दोघींची भेट नव्हती. त्या दिवशी गाडी घसरून बांधाला टेकली. पत्नी उतरली, खाली दिसणाऱ्या बहिणीच्या घराच्या कौलांकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “मी पुन्हा या गाडीत बसणार नाही. तुमच्या शेजारी तर नाहीच.”

मी गॅरेजवाल्यास तीन पत्रे धाडली. पहिले ब्रेकविषयी. दुसरे स्टिअरिंगविषयी, कारण प्रत्येक वळणावर ते अडून बसत असे. तिसऱ्यात ग्राहक आयोगाचा उल्लेख होता. त्याने एकाचेही उत्तर दिले नाही. एका रविवारी सकाळी तो स्वतःच आमच्या कोपरच्या घरी हजर झाला. माझा संशय अधिकच बळावला. जो तोंडी उत्तर देतो, त्याला पुरावा मागे ठेवायचा नसतो.

“काका, काय लिहिता हो तुम्ही! बायको विचारते, कोर्टातून आलंय का? चला, जिथे घसरलेली तिथेच जाऊ.”

आतून पत्नी म्हणाली, “ते चालवणार असतील तर मी येते.”

“मी नाही काकू, काकाच चालवणार. मी बाजूला बसतो.”

तिने थोडा विचार केला आणि मागच्या सीटवर, दाराला चिकटून बसली.

सोसायटीच्या फाटकातून वळतानाच स्टिअरिंग अडले, टायर कुरकुरले. “बघा,” मी म्हणालो. त्याने गिअरशेजारच्या छोट्या दांड्याकडे पाहिले.

“काका, फोर लावलेलं आहे.”

“अर्थात. घेतल्या दिवसापासून.”

“डांबरावर?”

“चारही चाकांना ताकद देण्याची सोय गाडीत असताना मी ती का सोडावी?”

“सोय आहे म्हणून घरात कोणी रेनकोट घालून बसतं का? वळताना पुढची चाकं जास्त फिरतात, मागची कमी. मातीत ती जरा घसरून जुळवून घेतात. डांबर घसरू देत नाही, मग ती आपसात भांडतात.” त्याने दांडा ‘टू’वर, म्हणजे दोनच चाकांवर, आणायला लावला. स्टिअरिंग हलके झाले. माझे दुसरे पत्र तिथेच निकालात निघाले. मात्र विकताना हे सांगितले नव्हते, याची मी मनात नोंद घेतली.

टेकडीच्या माथ्यावर त्याने गाडी पूर्ण थांबवायला लावली. “आता फोर लो, म्हणजे चारही चाकं, पण सगळ्यात संथ. गिअर पहिला. गाडी सुटली की दोन्ही पाय खाली.”

“दोन्ही?”

“क्लचवर नको, ब्रेकवर नको. मागच्या वेळी काय केलेलं?”

“दोन्ही दाबले होते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तसेच शिकवतात.”

“क्लच दाबला म्हणजे इंजिननं धरलेला हात सोडला. वर ब्रेक गच्च दाबला. चाकं थांबली, पण मुरमावर गाडी कशाला थांबते?”

ज्याच्या ब्रेकविषयी माझी तक्रार होती, तोच मनुष्य मला ब्रेक वापरू नका म्हणत होता! “हे लिहून द्या,” मी म्हणालो. “सहीनिशी.”

त्याने खिशातून माझेच तिसरे पत्र काढले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले: उतारावर फोर लो, पहिला गिअर, क्लच नाही, लागलाच तर ब्रेक हलका.

“हलका म्हणजे किती?”

मागून दार उघडल्याचा आवाज आला. “अहो, ताईचं घर दिसतंय. निघताय का मी उतरू?”

मी निघालो. नदीवर उतरणाऱ्या म्हशीसारखी जीप संथपणे, घुमत खाली जाऊ लागली. बांधाशी आलो तसा माझा डावा पाय आपोआप क्लचकडे उचलला गेला. “काका, पाय!” तो ओरडला. मोठ्या कष्टाने मी तो खाली टेकवला. काहीही घसरले नाही.

अंगणात गाडी पुरती थांबण्याआधीच पत्नी उतरली. ओट्यावरच्या खाटेवरून बहिणीचा आवाज आला, “अगं, तू? कशी आलीस?”

“ह्यांनी आणलं.”

दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी उतारावर पुन्हा चढून गेलो. बांधापर्यंत मागच्या वेळचे, न फिरणाऱ्या चाकांचे दोन लांब, गुळगुळीत ओरखडे अजून होते. शेजारी आजच्या टायरची नक्षी ठसठशीत उमटली होती. असे ठसे मी आयुष्यभर वाचले आहेत. दावा नामंजूर झाला होता, आणि दावेदार मीच होतो.

खाली आलो तेव्हा पत्नी म्हणाली, “पुढच्या रविवारी परत यायचंय. ताईला शब्द दिलाय.”

“गाडी कोण चालवणार?” मी विचारले.

तिने गॅरेजवाल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “तुम्हीच. पण हे बाजूला बसणार असतील तर.”