पुतलीमायाचं चुंबक आणि पिवळी चमक

पुतलीमाया राई रोज सकाळी वाटीभर इंजिन ऑइल पिते, हे मानेभंज्यांग गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणून तर तिचा आवाज असा, माघातल्या पहाटे हॅन्डल मारूनही न उठणाऱ्या लँडरोव्हरसारखा. "खर्र... खर्र... ए चुंगडाऽ! खर्र... मेलास का रेऽ!" सुखियापोखरीच्या एका मास्तरांनी तर तिला पिताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. काळंभोर, वाफाळतं, आणि पिऊन झाल्यावर बाई ओठ पुसते!

साफ खोटं. काळंभोर होतं तो चहा, बिनदुधाचा, मीठ घातलेला. तो ती ऑइलच्या जुन्या डब्याच्या पत्र्याच्या झाकणातून पिते, कारण झाकण दोन्ही तळव्यांत बरोबर बसतं आणि हात शेकतात. इंजिन ऑइल तिनं आयुष्यात एकदाच जिभेला लावलं. ते गेल्या फागुनात, आणि त्या दिवशी तिचं तोंड असं झालं होतं की मास्तरांनी बघितलं असतं तर शाळा सोडून पळाले असते.

चुंबकाचं खूळ तिचंच. नवरा बिर्खा लँडरोव्हर चालवायचा, वर संदकफूच्या शिखरापर्यंत. घरात एकच चैनीची वस्तू होती, त्याचा रेडिओ. एका दुपारी पुतलीमायानं रेडिओ फोडला, आतल्या भोंग्याचं वाटोळं चुंबक काढलं आणि गाडीखाली सरपटत जाऊन चेंबरच्या बुडाला चिकटवलं. चेंबर म्हणजे इंजिनाचं पोट, तिथं ऑइल साठतं. झिजलेल्या लोखंडाचा कीस ऑइलबरोबर फिरत राहतो आणि इंजिनाला आतून खातो, हे तिनं नवऱ्याच्याच तोंडून ऐकलेलं. मग किसाला एका जागी धरून ठेवायला नको? बिर्खा तीन दिवस जेवला नाही. "रेडिओ गेला तो गेला, बायकोचं डोकं पण गेलं!" पण तिसऱ्यांदा ऑइल बदललं तेव्हा चुंबकाच्या जागी नखाएवढी लोखंडी कपची सापडली. पिस्टनची रिंग तुटत आलेली. इंजिन वाचलं. बिर्खानं रेडिओचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता बिर्खा नाही, पण गावातल्या साऱ्या जीपांच्या ऑइलच्या बोल्टाला टोकावर चुंबक आहे. ऑइल बदललं की ड्रायव्हर तो बोल्ट वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि पुतलीमायाच्या चहाच्या टपरीवर आणतो. ती तो पांढऱ्या कागदावर पुसते, केसांसारखा कीस किती निघालाय ते डोळे बारीक करून बघते आणि निकाल देते.

"मिसरूड आहे. पोर वयात आलंय. जाऊ दे वर."

"मिशी आली रे. महिनाभरात पुन्हा दाखव."

आणि काट्यासारखं काही दिसलं, तर तोंडातून अक्षर नाही. चहाचं झाकण फळीवर पालथं. झाकण पालथं म्हणजे गाडी वर जायची नाही. मग मालक रडो, की पर्यटक शिव्या देवोत.

गेल्या फागुनात माझ्या दाजूचं, थोरल्या भावाचं, लग्न होतं, नवरी कालीपोखरीची. जंतीला, म्हणजे वऱ्हाडाला, ड्रायव्हर चुंगडाची जीप. लग्नाची साइत, मुहूर्त, दुपारी दोनची होती, म्हणून सकाळी सातलाच चुंगडा बोल्ट घेऊन टपरीवर हजर. पुतलीमायानं कागदावर पुसला. कोवळं मिसरूड, बास.

"काकी, माझं इंजिन कुमारिका आहे," चुंगडा छाती काढून म्हणाला.

"तुझ्यासारखंच. कुणी विचारत नाही म्हणून," पुतलीमाया म्हणाली. "जा वर."

आम्ही नऊ जण कोंबून बसलो. दाजू पुढं, मामा त्याच्या मांडीवर, मी मागं ढोलक्याच्या ढोलाला चिकटून. गाडी खोकत निघाली आणि चेकपोस्टवर नावं लिहून द्यायला उभी राहिली.

इकडं पुतलीमायानं फळी पुसायला घेतली. चुंगडाचा ऑइलनं माखलेला वर्तमानपत्राचा कागद तिनं चुलीत घालायला उचलला, आणि नेमकं तेव्हाच टोंगलूच्या डोंगरावरून ऊन आलं. कागद चमकला. काळ्या डागात पिवळी धूळ, सोनाराच्या दुकानातला केर असावा तशी. तिनं टपरीतलं चुंबक कागदाखालून फिरवलं. धूळ हलली नाही. वरून फिरवलं. नाहीच. तिनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तांब्याचा पैसा चोखल्यासारखी चव आली आणि दाताखाली कचकच.

पुतलीमाया जागच्या जागी थिजली. तांब्या-पितळेला चुंबक लागत नाही, हे बाजारातल्या भांडीवाल्यालाही ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. पण इंजिनाच्या पोटात, जिथं दांडे फिरतात, तिथं बेअरिंगला तांब्याचं अस्तर असतं आणि ते झिजलं तर चुंबकाला त्याचा पत्ताही लागणार नाही, हे तिच्या डोक्यात तीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं. तीस वर्षं ती फक्त लोखंडाचंच ऐकत आली होती.

आणि बाकावर मंगलदाजू बसला होता. आठ वर्षांपूर्वी गैरीबासच्या चढावर त्याच्या गाडीचं इंजिन आवळून बंद पडलं, गाडी मागं घरंगळली आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्या सकाळी त्याचा बोल्ट तिनंच बघितला होता. "मिसरूड. जा वर." सगळ्यांनी ब्रेकला दोष दिला होता. तिनंही.

"काय गं पुतली? भूत दिसलं का?" मंगलदाजूनं विचारलं.

चहाचं झाकण हातात तसंच घेऊन ती चोरवाटेला लागली. बासष्टाव्या वर्षी, चपला हातात, सरळ उभ्या चढावर.

तिसऱ्या वळणावर चुंगडानं ब्रेक दाबला तेव्हा आम्ही सगळे एकमेकांच्या पोटात गेलो. समोर, रस्त्याच्या मधोमध, पुतलीमाया. श्वास लागलेला, तोंड राखेसारखं. ती वाकली आणि झाकण दगडावर पालथं घातलं.

"काकी!" चुंगडा किंचाळला. "तूच म्हणालीस जा वर!"

"म्हणाले. चुकले."

तीस वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. ढोलक्यानं ढोल वाजवायचा थांबवला. मामा दाजूच्या मांडीवरून उतरला. "म्हातारीला वाटेवर काहीतरी झालंय. साइत दोनची आहे! चल रे चुंगडा, घाल गाडी बाजूनं!"

"घाल," पुतलीमाया म्हणाली. "गाडी बाजूनं घाल, मी बाजूला होत नाही. गैरीबासच्या चढावर मंगलचा पाय पडलाय अजून, त्याच्याही बाजूनं जा."

तेव्हा मला राहवलं नाही. नकला काढणं माझं व्यसनच, मी तिचाच आवाज काढला. "खर्र... मिसरूड आहे... खर्र... नाही नाही, दाढी आहे!" गाडीतली माणसं भेदरलेली, तरी हसली. ती माझ्याकडं वळली.

"पैज लावतोस, पोपटा?"

"लाव! आत काही निघालं नाही, तर लग्नात लाऊडस्पीकरवर तुझी नक्कल, आणि तू शेजारी उभी."

"आणि निघालं, तर हे तोंडात." तिनं कमरेच्या पटुक्यातून छुर्पीचा तुकडा काढला. वरच्या याकवाल्यांच्या पनीरची, वर्षभर धुरावर वाळलेली, दगडासारखी. "विरेपर्यंत तोंड बंद. तुझ्या आवाजात नाही, माझ्या नाही, कुणाच्याच नाही."

चुंगडानं पाना काढला. "उघडतोच! आत्ता, इथंच! मग बघू!" चाकांना दगड लावले, ऑइल डब्यात सोडलं, पाठीवर पडून त्यानं एकेक बोल्ट काढला आणि चेंबर खाली घेतला. मग एका दांड्याची टोपी सोडवली. मामा घड्याळ बघत होता. मग चुंगडाचा हात बाहेर आला. तळव्यावर बेअरिंगची अर्धगोल पट्टी, तीही अर्धगोल कसली, दोन तुकडे. रुपेरी असायला हवी होती. पिवळीधम्मक. एक कडा ब्लेडसारखी झिजलेली.

"वरपर्यंत पोचलोच नसतो..." चुंगडा गाडीखालूनच म्हणाला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा दुसऱ्याच कुणाचातरी वाटत होता. मामा मटकन दगडावर बसला, नेमका त्या पालथ्या झाकणावर, आणि उठायचंही विसरला.

पुतलीमायानं ते तुकडे पटुक्यात बांधले. "हे मंगलला दाखवायचे आहेत," ती म्हणाली. "आठ वर्षं मी त्याला चहा देतेय. आज सांगायला हवं." आवाज अजिबात खरखरला नाही. तो आवाज मला आजही काढता येत नाही.

मग निरोप धाडल्यावर वरच्या चित्र्याहून दुसरी जीप आली. जाण्याआधी तिचाही बोल्ट पुतलीमायानं काढायला लावला, चुंबकावर बघितला आणि कागद उन्हात धरून निरखला. आता तिच्याकडं रोज असंच चालतं, आधी चुंबक, मग ऊन. "जा वर," म्हणाली, आणि जीपच्या मागच्या दारातून माझ्यासमोर छुर्पीसकट तळवा धरला. मी तोंड उघडलं.

साइत तेवढी साधली. कालीपोखरीला नवरीकडच्या बायकांनी "तो नकल्या कुठंय?" म्हणत मला धरून लाऊडस्पीकरपुढं उभं केलं, तेव्हा छुर्पीची एक कडासुद्धा झिजलेली नव्हती.