बालवाडीतली शेवटची जागा

मैत्रिणींनो, दुपारपासून माझी मलाच किळस येतेय, म्हणून इथं लिहिते.

सकाळी भोरमधल्या एका इंग्लिश मीडियममध्ये लेकीच्या नर्सरीच्या ॲडमिशनला गेले होते. जागा एकच उरलेली आणि ओळीत आम्ही नऊ बाया. माझ्या पुढं आंबवड्याची एक बाई होती, पहिल्या एसटीनं आलेली, कडेवर मुलगा. माझ्या लेकीला शू लागली तेव्हा तिनंच ओळीत माझी पिशवी सांभाळली. मागची बाई पुढं सरकायला लागली तर तिला म्हणाली, "त्या ताई हितंच हायती, आत्ता येतील."

अकराला सासऱ्यांचा फोन आला. "संस्थेतल्या माणसाशी बोललोय. मागच्या दारानं आत जा."

असल्या वशिलेबाजीला मी याच ग्रुपवर किती नावं ठेवलीत, तुम्हाला माहितीये. तरी गेले. "ऑफिसात विचारून येते," असं सांगून पिशवी पुन्हा तिच्याकडंच दिली आणि गेले. मॅडमनी लेकीला नावसुद्धा विचारलं नाही. फॉर्मवर शिक्का मारला.

बाहेर आले तर ओळ तशीच उभी.

"झालं का ओ ताई तुमचं?" तिनं विचारलं.

"नाही ओ. आज काय होईल असं वाटत नाही. जाते मी घरी."

पिशवी देताना ती म्हणाली, "जाऊ नगा की. थांबा थोडं. दोघींतल्या एकीला तरी मिळंल."

सोमवारी शाळा सुरू होतेय. माझ्या जागी तुम्ही असता, तर त्या गेटातून लेकीला घेऊन आत गेला असता का?