यंदाचं मुकं कारीट

दसरा होऊन गेला तशी आळीत एक कुजबूज सुरू झाली. विनीत डोर्लेकराने म्हणे चिपळुणात दुसरं घर केलंय, आणि म्हणूनच पहिल्या बायकोशी बोलणं टाकलंय. ही कुजबूज पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली ते विचारू नये. शेजारच्या तुळसाकाकीच्या अंगणातून सकाळी निघालेली गोष्ट दुपारपर्यंत मिरकरवाड्याच्या मासळीच्या जेटीवर पोचते आणि तीही बर्फात घालून आणल्यासारखी ताजी, एवढं सांगितलं तरी पुरे.

बरं, नुसतीच हवा नव्हती, पुरावे होते. विनीत दर गुरुवारी दुपारच्या एसटीने चिपळूणला जायचा आणि दिवेलागण होऊन गेल्यावर परत यायचा, हातात केळ्यांची फणी. घरात तोंडातून शब्द काढत नव्हता. आणि बायकोच्या हातचं तिखट खाणं त्याने सोडलं होतं. हा शेवटचा पुरावा तुळसाकाकीच्या मते सगळ्यात भारी. ती म्हणायची, "माणसाला घरचं तिखट नकोसं झालं की समजावं, दुसरीकडचं गोड लागलंय."

विनीत कोण, हे जेटीवरच्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. बोटी लागल्या की मासळीचा लिलाव तो पुकारायचा. बारा वर्षं. सुरमईच्या ढिगामागे उभा राहून त्याने 'एक बार' म्हटलं की बर्फाच्या कारखान्यातला माणूस कानावर हात ठेवायचा. त्या आवाजावरच त्याचं पोट होतं, आणि आवाजाचा त्याला थोडा गर्वही होता. गणपतीत आरतीला त्यालाच पुढे उभा करायचे. तुळशीच्या लग्नात मंगलाष्टकं त्याचीच. भटजी नुसता अक्षता वाटायला.

बायको मिळाली तीही तोडीस तोड. दीपाली बुरोंडीची. तिची आई यमुनाबाई डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासळी विकायची आणि ही पोर मागे धावत भाव ओरडायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी आळीतले लोक दोनदा भांडण सोडवायला धावत आले. दोन्ही वेळा नवराबायको फक्त मिठाची बरणी कुठे आहे ते एकमेकांना विचारत होती. दीपालीने कानात सांगितलेलं गुपित समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने, ऐकायचं यंत्र काढून ठेवलेलं असताना, ऐकल्याची आठवण आळीत अजून काढतात.

अशा घरात शांतता पसरली, म्हणजे विचार करा.

तसा त्याचा घसा गणपतीतच बसला होता. पण गणपतीनंतर आवाज शाबूत असलेला पुरुष रत्नागिरीत दाखवा आणि बक्षीस घ्या. दहा दिवस आरत्या, रात्रभर भजनं; विसर्जनानंतर अर्धा गाव घोगरा बोलतो. कुणी मनावर घेत नाही. घट बसले तोवर बाकीच्यांचे घसे सुटले. विनीतचं मात्र बोलणंच बंद झालं. घरात पाऊल टाकलं की मान हलवायची, फार तर 'हूं'.

पहिले आठ दिवस दीपालीने ते हसण्यावारी नेलं. मग तिने भांडी आपटून पाहिली. मग तिनेही गप्प बसून पाहिलं, पण तिला ते अडीच तासांवर जमलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने बांगड्याचं झणझणीत तिखलं केलं, त्याला आवडतं तसं, तिरफळं घालून. त्याने ताट हळूच बाजूला सरकवलं आणि मऊ भातावर दूध ओतून घेतलं.

"का? आजारी आहात?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग माझ्या हाताला काय झालंय?"

त्याने पुन्हा मान हलवली आणि तिच्याकडे असं पाहिलं की काहीतरी सांगणार असं तिला वाटलं. पण त्याने घास घेतला. नऊ वर्षांची संस्कृती दोघांच्या मध्ये बसली होती. ती एकदा आईच्या तोंडाकडे बघे, एकदा बाबाच्या. तिने निम्मंच जेवण केलं आणि हात धुवायला उठली.

दीपालीला नवऱ्याचं रागावणं नवं नव्हतं. ओरडणारा माणूस तिला कळायचा. ओरडला की संपलं. हा जो घरात मांजरीसारखा पाय न वाजवता फिरत होता, तो तिला कळत नव्हता. आणि गुरुवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला की ती फाटकाशी उभी राहून वळणापर्यंत बघायची. बारा वर्षांचा संसार असा मुकाट्याने पायाखालून निघून जातोय आणि आपल्याला भांडायलासुद्धा मिळत नाही, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

दिवाळी आली. शाळेला सुट्टी लागली. संस्कृतीने अंगणात जांभ्याचे तुकडे आणि लाल माती आणून किल्ला केला. विनीत तिच्याबरोबर चिखलात बसला, बुरूज करून दिले, दरवाजा करून दिला. सगळं खुणेने. पोरगी विचारी, "बाबा, तोफ इकडे ठेवू?" बाबा मान हलवी. दीपाली दारातून चकल्यांचा झारा हातात घेऊन बघत होती. झाऱ्यातून तेल उंबऱ्यावर ठिबकत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

चतुर्दशीच्या पहाटे उटणं लावून आंघोळी झाल्या. तुळशीपुढे कारीट, ते कडू रानफळ, ठेवलं. ते डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि 'गोविंदा' म्हणून ओरडायचं, ही आपल्याकडची रीत. विनीतचा गोविंदा म्हणजे आळीचं घड्याळ. तो ऐकून बाकीची घरं पाटावर बसायची.

विनीतने कारीट पायाखाली घेतलं. फुटल्याचा आवाज आला. त्याने तोंड उघडलं, घशाची शीर ताणली गेली, आणि तोंड मिटलं.

पलीकडून तुळसाकाकीचा आवाज आला, "काय गो दीपाली, यंदा तुमचं कारीट मुकं काय? की विनीत चिपळुणास फोडून आला?"

दोन-तीन घरांतून हसू ऐकू आलं. दीपालीने उत्तर दिलं नाही. तुळसाकाकीला उत्तर न मिळण्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ, आणि खरं सांगायचं तर तीही जरा घाबरली. संस्कृतीने पुढे होऊन बारीक आवाजात 'गोविंदा' म्हटलं आणि आईच्या पदरामागे लपली. पोहे पाच तऱ्हेचे केले होते. विनीतने दूधपोहे तेवढे खाल्ले.

मग तुळशीचं लग्न. अंगणात ऊस उभे केले, चिंचा-आवळे ठेवले, आळीतली माणसं जमली. अंतरपाट धरला आणि सगळ्यांनी विनीतकडे पाहिलं. त्याने हात जोडले आणि मागे सरकून उभा राहिला. भटजीने कसंबसं निभावलं. मागच्या रांगेत बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. लग्नाची अष्टकं म्हणायला ज्याची जीभ उचलत नाही, त्याच्या मनात काय असणार? दीपालीला पाठीवर ती नजर कळत होती. तिने अक्षता टाकल्या त्या तुळशीवर कमी आणि भटजीवर जास्त पडल्या.

माणसं पांगल्यावर संस्कृती उसाशी बसून रडायला लागली.

"काय झालं गो?"

"माझ्यामुळे झालं."

"काय तुझ्यामुळे?"

"बाबा शाळेत आलेला ना, डबा द्यायला. त्याने दारातून हाक मारली तर सगळा वर्ग हसला. मी त्याला म्हटलं, तू शाळेत येऊन ओरडू नको, मला लाज वाटते. त्याच्यानंतर तो बोलतच नाय."

दीपालीने पोरीला उचललं आणि थेट नवऱ्यापुढे नेऊन उभं केलं. "ऐकलंत? पोर काय धरून बसलीय मनात? आता तरी तोंड उघडा. माझ्याशी नको, तिच्याशी बोला."

विनीतचा चेहरा पडला. त्याने पोरीला जवळ घेतलं, तिच्या केसांतून हात फिरवला, मान जोरजोराने हलवली. नाही, नाही. त्याचे ओठही हलले. पण आवाज निघाला नाही. दीपालीने पाहिलं आणि तिचं काळीज दगड झालं. लेकरासाठीसुद्धा ज्याला एक शब्द खर्च करवत नाही, त्याने तो कुणासाठी राखून ठेवलाय?

मार्गशीर्ष लागला. गुरुवारी दीपाली घट मांडी, महालक्ष्मीची पोथी वाची, आणि बरोबर त्याच वेळी नवरा चप्पल पायात सरकवी. गुरुवारी गिऱ्हाईक मासळी खात नाही, बंदरावर काम कमी, म्हणून त्याला गुरुवारच सोयीचा, हे तिला कळत होतं. पण पोथीतल्या राणीवर संकट येतं त्या पानावरच बाहेर फाटक वाजायचं. तिसऱ्या गुरुवारी तिने पोथी मिटली आणि बुरोंडीला फोन लावला.

यमुनाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हळू बोल, फोन फुटेल. एक सांग, लिलाव पुकारतो ना?"

"पुकारत असेल. जेटीवरची चिमा सांगत होती, जरा कमी बोलतो म्हणून. पण पुकारतो."

"मग मुका नाय. बाय माझी, नवरा घरात गप्प असला की घरात बसून रडू नको. बोलतो कुठे, ते जाऊन बघ. आणि काय बोलायचं असेल ते चार माणसांत बोल. तुझा आवाज देवाने कशाला दिलाय?"

नाताळची सुट्टी लागली. सकाळी हवेत गारवा होता, आंब्यांना मोहोर धरायला लागला होता. दीपालीने साडीचा पदर खोचला. काय काय बोलायचं ते तिने तीन दिवस पाठ केलं होतं. पहिलं वाक्य होतं, 'चिपळूणकरांना विचारा, आज घरी जेवणार की तिकडे.' त्यापुढची वाक्यं इथे लिहिण्यासारखी नाहीत. संस्कृतीला कुणाकडे ठेवणार? तुळसाकाकीकडे तर नाहीच. पोरीला रिक्षात बसवलं आणि जेटीवर उतरली.

सात वाजले होते. बाळा नावाच्या बोटवाल्याची बोट नुकतीच लागली होती आणि सुरमईचा मोठा ढीग फरशीवर पडला होता. भोवती व्यापारी, पाट्या घेतलेल्या बायका. विनीत ढिगामागे उभा होता आणि बोलत होता.

होय, बोलत होता. दीपाली जागीच थांबली. आवाज पूर्वीचा नव्हता, फाटक्या शिडासारखा फडफडत होता, पण बोलत होता. तीन महिने जो तिला मिळाला नव्हता, तो आवाज तो गिऱ्हाइकांवर उधळत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. ती गर्दीत घुसली. चिमा पाटी सावरत म्हणाली, "काय गो, तू इकडे कशी?" तिने ऐकलं नाही. ती दहा हातांवर जाऊन उभी राहिली आणि पहिलं वाक्य जिभेवर आणलं.

"एक बार," विनीत म्हणाला. "दोन..."

आणि पुढे काही आलं नाही.

त्याने खाकरून पाहिलं. तोंड उघडलं. गळ्याची तीच शीर ताणली गेली जी तिने तुळशीपुढे पाहिली होती. नुसती हवा निघाली. व्यापारी एकमेकांकडे बघायला लागले. बोली लावलेला माणूस मोठ्याने म्हणाला, "सुटला काय माल? की नाय?" बाळा डेकवरून खाली वाकला. त्याच्या कपाळाला आठी पडली होती. "काय रे विनीत, घसा गेला काय? मग आधी सांगायचं. दुसरा माणूस बघितला असता."

विनीतने नजर वर केली ती नेमकी बायकोवर पडली. त्याच्या डोळ्यांत चोरी पकडल्याची लाज नव्हती, नुसती भीती होती. बारा वर्षांत तिने त्याला घाबरलेला पाहिला नव्हता.

तीन दिवस पाठ केलेलं सगळं दीपाली विसरली. तोंड मात्र उघडलेलंच होतं. त्यातून बुरोंडीची पोर बाहेर आली.

"दोन बार," ती ओरडली. पुळणीच्या वाळूवरचे बगळे उठले. "अहो बघताय काय, माल बघा. कल्ले बघा लालभडक. असली सुरमई नाताळात हातची सोडाल तर घरी बायको दारात घेणार नाय. बोला. कुणी बोलतंय काय पुढे? नाय? मग तीन बार. दिली."

मग चिमा खो खो हसायला लागली. संस्कृती पळत जाऊन बाबाच्या कमरेला बिलगली. बाळाने टोपी मागे सारली.

"वयनी," तो म्हणाला, "पलीकडे बांगड्याचा ढीग आहे. तोही उरकून टाका."

तिने तोही पुकारला आणि त्यानंतरचेही दोन. विनीत शेजारी उभा राहून बोटांनी खुणा करत होता. मधेच तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "कधीपासून?" त्याने गळ्यावर हात ठेवला आणि हवेत गणपतीची सोंड काढून दाखवली. ती पुढचा ढीग पुकारायला वळली, पण तिचा आवाज पहिल्यांदाच जरा चिरकला.

आता खरं काय ते.

विनीतच्या स्वरयंत्रावर दोन गाठी आल्या होत्या. साध्या होत्या. चिपळुणात त्याचं दुसरं घर नव्हतं, दवाखाना होता. डॉक्टरांनी तीन महिने बोलू नका आणि तिखट खाऊ नका असं सांगितलं होतं. घसा गेल्याचं बोटवाल्यांना कळलं तर दुसरा माणूस ठेवतील, म्हणून जो आवाज उरला होता तो त्याने सकाळच्या लिलावासाठी राखला आणि घरी गप्प बसला. दीपालीला सांगितलं नाही, कारण तिला हळू बोलता येत नाही.