रिमोटमधली मेलेली जागा

आमच्या ह्यांना कामावर सगळे ‘वरचा’ म्हणत. टॉवर क्रेनच्या माथ्यावर, काचेच्या खोपटात बसून हे लोखंडाचे गठ्ठे उचलायचे. जमिनीवर उभा राहून वॉकीटॉकीवर “डावीकडे, अजून थोडं, उतरव, बस” सांगणारा त्यांचा दोस्त, तो ‘खालचा’. वरच्याला ओझं जिथं टेकायचं ती जागा बऱ्याचदा दिसतच नाही, तो खालच्याच्या डोळ्यांनी बघतो. आणि खालचा त्या लोंबत्या ओझ्याशेजारी उभा राहतो तो वरच्याच्या बोटांच्या भरवशावर. आमच्या लग्नाआधीपासून हे असंच चाललं होतं. सख्ख्या भावांचं एवढं जमत नाही, माझ्या दिरांचं तर मुळीच नाही.

सुट्टीतही दोघांना एकमेकांवाचून करमत नसे. दगडांवर चढणाऱ्या रिमोटच्या गाड्यांचा एक क्लब होता, त्यात ही जोडी. पन्नाशी उलटलेले बाप्ये हातभर लांबीच्या गाड्या घेऊन बंद पडलेल्या खाणीत जमायचे. शेजारीण मला एकदा म्हणाली, “सवत फार लाडाची दिसते तुमची.” मी म्हटलं, “सवत असती तर दोन भांडी तरी घासली असती. ही मेली माझ्याच ओट्यावर तेल सांडते.”

तेल खरंच सांडायचं. चाकांच्या शॉक-अब्सॉर्बरमध्ये जाड तेल घातलं की गाडी ताठ होते, पातळ घातलं की दगडाला पोट टेकते. त्या दोन्हींच्या मधलं तेल शोधण्यात ह्यांनी माझा एक अख्खा पावसाळा घालवला. चाकांच्या आत पितळेची वजनं बसवली. बॅटरी मागची पुढे आणली, म्हणजे चढावर गाडीनं नाक वर करू नये. टायरमधला फोम कात्रीनं कापून कापून असा केला की टायर दगडाला बिलगायचा. ह्या शर्यतीत वेगाला कुणी विचारत नाही. दोन काठ्यांच्या फाटकातून गाडी न्यायची, काठीला धक्का लागला तर दंड, मागे घेतली तर दंड, उलटली तर मोठा दंड. ज्याचा दंड कमी तो जिंकला. सगळा खेळ हलक्या हाताचा.

आणि नेमका तोच हात बिघडला.

उजवा हात. आधी पेपर वाचताना पान फडफडायचं, मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. मी म्हटलं, “अहो, डॉक्टरला दाखवा.” ह्यांनी कानाडोळा केला. कामावरचा डॉक्टर डोळे तपासायचा, रक्तदाब बघायचा. हात खिशात असला तरी त्याचं काही अडत नव्हतं. एक दिवस मी फारच लावून धरलं तेव्हा हे भडकले. मला परसात घेऊन गेले, विटांच्या ढिगावर गाडी ठेवली आणि रिमोट हातात घेतला. गाडी वीट वीट चढत गेली, कुठंही अडखळली नाही. माथ्यावर थांबवून मला म्हणाले, “थरथरणाऱ्या हाताला हे जमेल? सांग!”

गाडी तर माझ्या डोळ्यांदेखत चढली होती. त्यानंतर मी विषय काढला की हे गाडी काढायचे. डॉक्टरचा कागद लोक दाखवतात तशी हे मला गाडी दाखवायचे.

ओझं हवेत डुलतंय असं खालचा अधूनमधून म्हणायचा. आमच्याकडे जेवायला आला की विषय निघायचा. “वर वारा असतो रे,” हे म्हणायचे. आता मला वाटतं, तो वारा म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. पण खालच्यानं कधी शंका घेतली नाही. वारा किती आहे हे वरचाच सांगणार.

रविवारी सकाळी स्पर्धा होती. बायका डबे घेऊन कडेला बसलो होतो. ह्यांच्या दोन फेऱ्या झाल्या, दंड जवळजवळ नाहीच. शेवटच्या फेरीआधी खालच्याच्या गाडीचा सर्व्हो गेला. सर्व्हो म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर, तिचे दातच झिजले होते. त्या क्लबात एक रीत होती: कुणाची गाडी बंद पडली तर दुसऱ्यानं आपली द्यायची, रिमोटसकट. नाही म्हणायची पद्धतच नव्हती. खालच्यानं हात पुढे केला आणि मी बघितलं, हे थांबले. नवी नवरी माहेरचं घर सोडताना थांबते तसे थांबले. मग दिला रिमोट.

खालच्यानं गाडी पहिल्या फाटकाकडे नेली. रिमोटचं चक्र वळवलं तर गाडी वळेना. अजून वळवलं, तरी नाही. आणखी थोडं वळवलं आणि गाडी एकदम इतकी वळली की दगडावरून घसरून चारी चाकं वर. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, “अरे, उसनी बायको आणि उसनी गाडी, दोन्ही ऐकत नाहीत!” मीही हसले. खालचा हसला नाही. त्यानं गाडी सरळ केली, चक्र हळूहळू इकडून तिकडे फिरवलं आणि पुढच्या चाकांकडे बघत राहिला.

फेरी सोडून तो आमच्याकडे आला. “मधली जागा एवढी मेलेली का ठेवलीयस?” त्यानं ह्यांना विचारलं.

“आवड असते एकेकाची.”

“एवढी कुणी ठेवत नाही. चक्र इतकं हललं तरी गाडीला पत्ता नाही. कशासाठी?”

“दे इकडे,” हे म्हणाले.

खालच्यानं रिमोटची बटणं दाबली, त्या मेलेल्या जागेचा आकडा शून्यावर आणला. गाडी सपाट कातळावर ठेवली. रिमोट ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, “धर. काही करू नकोस. नुसता धर.”

ह्यांनी धरला. गाडीची पुढची चाकं जागच्या जागी थरथरायला लागली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. ऊन होतं, वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

तेव्हा मला सगळं कळलं. दर काही आठवड्यांनी हे रिमोट घेऊन बसायचे, “मेलेली जागा थोडी वाढवतो” म्हणायचे. मला वाटायचं यंत्राचं काही दुखणं असेल. हात जेवढा बिघडत होता तेवढी ती जागा रुंद होत होती, हाताची थरथर गाडीपर्यंत पोचूच नये म्हणून. आणि मग तीच गाडी परसात चढवून दाखवून हे मला पटवत होते की हात ठीक आहे. मला एकटीला नाही, स्वतःलाही. परसातला त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की गाडी चढतेय म्हणजे हात धड आहे.

एक जण जवळ येऊन म्हणाला, “काय, ह्याचाही सर्व्हो गेला का?”

“हो,” खालचा म्हणाला. “सर्व्होच गेला.”

त्या दिवशी हेच पहिले आले. तीनातल्या चांगल्या दोनच फेऱ्या धरत, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांवरच. फोटो काढताना उजवा हात पाठीमागे होता.

खालचा आम्हाला घरापर्यंत सोडायला आला. दारात तो ह्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, “वहिनी, मी कुणाला सांगणार नाही. पण उद्यापासून ह्याच्या हुकाखाली उभा नाही राहणार. पलीकडच्या क्रेनवर जातो.”

“मग ह्यांच्या खाली कोण उभं राहणार, भाऊजी?”

“देतील कुणीतरी.”

मला त्याचा संताप आला. एवढी वर्षं ताटाला ताट लावून जेवलेला माणूस, नुसता बाजूला होतो? थोड्या वेळानं वाटलं, जिवावर बेतलं तर कोण बाजूला होणार नाही? आणि तरीही संताप गेला नाही, आजही गेलेला नाही. सांगायचं तर सगळं सांगायचं होतं. स्वतःचं डोकं तेवढं वाचवायचं आणि दुसऱ्याचं हुकाखाली द्यायचं, ह्याला दोस्ती म्हणतात की काय म्हणतात मला ठाऊक नाही.

सकाळी मी दार अडवून उभी राहिले. “जाऊ नका. हात जोडते.” हे म्हणाले, “बाजूला हो.” आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. गेले. मी स्वयंपाकघरात बसून राहिले, गॅस पेटवायचंही भान नव्हतं. रस्त्यावर रुग्णवाहिका वाजली की उठून खिडकीशी जायची.

दुपार व्हायच्या आत हे परत आले. डबा तसाच. खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

“चढलात?” मी विचारलं.

“चढलो.”

“आणि?”

“खाली एक नवा माणूस दिला होता. आवाज ओळखीचा नाही. दोन गठ्ठे उचलले, ठेवले. दुसरा डुलला. तो ओरडला आणि बाजूला पळाला. वाचला.” हे जमिनीकडे बघत बोलत होते. “मला काहीच वाटलं नाही गं. खालचा असता तर भीतीनंच माझा जीव गेला असता. हा पळाला आणि मी तिसऱ्या गठ्ठ्यासाठी हुक फिरवला. अर्ध्यात आणला आणि मग माझं माझ्याच लक्षात आलं, की मला काही वाटलं नाही. तेव्हा क्रेन बंद केली आणि उतरलो.”

“साहेबांना काय सांगितलंत?”

“सांगायचं काय? टेबलावर हात ठेवला नुसता.”